रुपया कुणामुळे घसरतो

"लोकसंख्या वाढली म्हणून रुपया घसरला" असं कुणी म्हणालं की माझं टाळकं सटकतं. लग्नाच्या पंगतीत असो, रिक्षात असो, बँकेच्या रांगेत असो, मी भांडायला उठते. नवरा आताशा आधीच माझं मनगट धरून ठेवतो. त्याला वाटतं, हिनं अर्थशास्त्रात बी.ए. केलंय म्हणून हिला चूक सहन होत नाही. अर्थशास्त्र गेलं खड्ड्यात! मी चिडते, कारण हेच वाक्य मी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी घातलं होतं आणि त्यापायी तिची शाळा सुटली.

दोन हजार सात साल. भिवंडीतल्या एका मराठी शाळेत मी शिक्षण सेवक होते. शिक्षण सेवक म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबायचं आणि मग संस्थेची मर्जी फिरली नाही तर कायम व्हायचं. माझं तिसरं वर्ष चालू होतं. आजोबा मास्तर, वडील नगरपालिकेत कारकून. आमच्या घरात नोकरी कायम झाली की पेढे वाटायचे, त्याआधी कुणाला सांगायचंसुद्धा नाही. झाले मी पुढे कायम, ते आत्ताच सांगून टाकते. उगाच कुणाला माझी कीव यायला नको.

संस्थेचे अध्यक्ष भिवंडीजवळच्या राहनाळचे. त्यांच्या वडिलांची भातशेती आणि मिठागर होतं, त्यांच्या काळात त्या जमिनीवर गोदामं उभी राहिली. देशभरातल्या माणसांना लागणारा साबण, बिस्किटं, टीव्ही, औषधं त्या गोदामांत येऊन पडायची आणि अध्यक्षांना भाडं मिळायचं. म्हणजे माणसं जितकी वाढतील तितकं या गृहस्थांचं भलं. पण लोकसंख्येवर त्यांचा भारी राग. दर जुलैत लोकसंख्या दिनाला संस्थेच्या सगळ्या शाळांची वक्तृत्व स्पर्धा व्हायची आणि विषय दरवर्षी तेच ठरवायचे, तोच: 'वाढती लोकसंख्या आणि घसरता रुपया'. कापडी फलकसुद्धा तोच. फक्त वर्षाचा आकडा कागदावर लिहून वरून चिकटवायचा.

त्या वर्षी रुपया घसरत नव्हता. चढत होता! डॉलर उतरत उतरत चाळिशीवर आला होता आणि भिवंडीत त्याचा बोभाटा झाला होता, कारण इथलं कापड बाहेर जायचं. बाहेरचा गिऱ्हाईक भाव डॉलरात ठरवतो. डॉलर तेवढेच मिळाले तरी त्याचे रुपये कमी हातात पडायला लागले. व्यापाऱ्यानं कारखानदाराचा भाव पाडला, कारखानदारानं रात्रीची शिफ्ट बंद केली आणि लूमवरची, म्हणजे यंत्रमागावरची माणसं गावाकडच्या गाड्यांची चौकशी करायला लागली. हे सगळं शाळेच्या मागच्या गल्लीत घडत होतं. तरी आम्ही सतरा शिक्षक 'घसरता रुपया' लिहिलेला फलक धुऊन, इस्त्री करून टांगायच्या तयारीत होतो. एकानंही तोंड उघडलं नाही. मी तर मुळीच नाही.

आता या स्पर्धांची एक गंमत सांगते. भाषण मुलं करतात, पण लिहितात बाई नाहीतर सर. मुलांनी फक्त पाठ करायचं. कुठे मूठ आवळायची, कुठे हात आभाळाकडे न्यायचा, कुठे आवाज खाली आणून रडवेलं व्हायचं, हेसुद्धा आम्हीच बसवायचो. परीक्षकांनाही ते ठाऊक असायचं, कारण त्यांच्या शाळेत तेच चालायचं. म्हणजे खरी स्पर्धा शिक्षकांची. आणि मला ती जिंकायचीच होती. कायम होण्याची माझी फाइल अध्यक्षांच्या टेबलावर होती आणि त्यांच्या आवडत्या विषयावर पहिला नंबर काढणारी बाई त्यांच्या लक्षात राहिली असती.

मी नववीतली एक मुलगी निवडली. तिचे वडील लूमवर होते, मूळचे तेलंगणाकडचे, वीस वर्षांपूर्वी विणकामासाठी भिवंडीत आलेले. पोरीचं मराठी माझ्या भाचीपेक्षा स्वच्छ होतं, आणि आवाज! लूमच्या खडखडाटात वाढलेल्या मुलांचा आवाज मुळातच चढा असतो, पण हिचा चढा असून फाटायचा नाही. शेवटच्या बाकापर्यंत शब्दन् शब्द पोचायचा.

तिला मात्र स्पर्धेतून वेगळंच हवं होतं. कारखाना एका शिफ्टवर आल्यामुळे तिच्या वडिलांनी सगळं घर गावाकडे न्यायचं ठरवलं होतं. गावात पुढे शिकायची सोय नव्हती, आणि असती तरी तिला तेलुगू वाचता येत नव्हतं, ती बालवाडीपासून मराठीत शिकलेली. त्या वर्षी अध्यक्षांनी जाहीर केलं की पहिल्या आलेल्या मुलाचा किंवा मुलीचा दहावीपर्यंतचा सगळा खर्च ते स्वतः करतील, राहण्याखाण्यासकट. मुलीची मावशी भिवंडीतच पद्मानगरात राहायची, ती म्हणाली, खर्चाचं होत असेल तर मी ठेवून घेते. वडिलांनी कबूल केलं. पहिली आलीस तर राहा, नाहीतर आमच्याबरोबर चल. इतकं सरळ होतं ते. पोर मला म्हणाली, "बाई, मला जिंकायचंच आहे." मी म्हटलं, "मलापण."

मग मी भाषण लिहिलं. झकास लिहिलं, काय सांगू! माणसं वाढली की खायचं तेल जास्त लागतं, जाळायचं तेल जास्त लागतं, ते परदेशातून आणावं लागतं, परदेशी लोक डॉलर मागतात, डॉलरला मागणी वाढली की तो महाग होतो आणि आपला रुपया घसरतो. इथवर ठीक होतं, खोटं नव्हतं. पण भाषणाला टाळी लागते. म्हणून मी एक वाक्य घातलं. ते कुठून उचललेलं नव्हतं, माझं स्वतःचं होतं, आणि लिहिल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं होतं: "ज्या घरात खाणारी तोंडं आठ आणि कमावणारा एक, ते घर म्हणजे देशाच्या रुपयाला लागलेली वाळवी आहे!"

पोरगी ते वाक्य आलं की आवाज खाली न्यायची.

"अगं, इथे चढव," मी ओरडायचे. "वाळवी म्हणताना टेबलावर हात आपट."

दोनतीन दिवस असं झाल्यावर ती म्हणाली, "बाई, आमच्या घरात आठ माणसं आहेत."

"बरं मग? हे तुझ्या घराबद्दल नाही. भाषण आहे."

"पण कमावणारा एक नाही बाई. आई कांड्या भरते, मी पण भरते शाळेत यायच्या आधी. मोठा भाऊ लूमवर बसायला लागलाय." कांड्या म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या रिळा. त्या भरल्याशिवाय लूम चालत नाही.

"तुला मी सांगितलं ना, तुझ्याबद्दल नाही म्हणून?"

 पोर चौकस होती, गप्प बसणारी नव्हती. म्हणाली, "बाई, पप्पांचे शेठ म्हणतात या वर्षी डॉलर स्वस्त झाला, म्हणून धंदा बसला. मग देशातली माणसं कमी झाली का?"

आता यावर बाईनं काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, शाब्बास! मला उत्तर येत होतं हो, हेच तर दुखणं आहे. जी माणसं तेल खातात तीच माणसं कापड विणतात. ते कापड बाहेर जातं, डॉलर आत येतात आणि रुपया सावरतो. माणसं वाढल्यामुळे रुपया पडेल की उठेल हे नुसतं डोकी मोजून सांगताच येत नाही. त्यांच्या हाताला काम आहे का, ती काय बनवतात आणि ते घेतं कोण, यावर सगळं अवलंबून. शिवाय लोकसंख्या हळूहळू वाढते, पिढ्या जातात. डॉलरचा भाव सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा. त्या वर्षी परदेशातल्या पैसेवाल्यांनी इथल्या शेअर बाजारात डॉलर ओतले होते, म्हणून रुपया वर गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी ते काढून घेतले आणि रुपया आपटला. मधल्या काळात काय देशात पोरांचा पूर आला होता? त्यात कुणाच्या बाळंतपणाचा काडीचा संबंध नव्हता. हे सगळं मी त्या पोरीला दहा मिनिटांत समजावू शकले असते. तिला समजलंही असतं, अर्धं तर तिला आधीच समजलं होतं.

मी म्हटलं, "आगाऊपणा नको. पाठ कर."

का म्हटलं? भीती वाटली म्हणून. विषय अध्यक्षांचा, फलक अध्यक्षांचा, फाइल अध्यक्षांच्या टेबलावर. 'घसरता रुपया'च्या स्पर्धेत माझी विद्यार्थिनी उठून "रुपया चढलाय" म्हणाली असती तर ती हरली असती आणि मी पण. मी स्वतःला समजावलं की हे मी तिच्यासाठीच करते आहे. तिला जिंकायचंय ना? शाळेत राहायचंय ना? किती सोयीचं होतं ते!

स्पर्धेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. अध्यक्ष मधल्या खुर्चीत, गळ्यात हार. मी पहिल्या रांगेत, तिच्या बरोब्बर समोर, कारण आम्ही सगळे शिक्षक असेच बसायचो. मूल बोलायला लागलं की त्याच्याबरोबर आमचे ओठ हलायचे. कुठे अडखळलं तर ओठांवरून त्यानं पुढचं वाक्य उचलायचं. परीक्षकही त्याकडे काणाडोळा करायचे.

तिचा नंबर सहावा होता. ती बोलायला उभी राहिली आणि तेवढ्यात हॉलच्या दारात तिचे वडील आले. ड्युटीवरून थेट आले होते, केसांत आणि भुवयांत कापसाचं तूस तसंच. मागे तिची आई, कडेवर धाकटं, आणि बाकीची सगळी भावंडं तेल लावून, भांग पाडून. दिवसाचा खाडा परवडत नव्हता, तरी माणूस अख्ख्या घराला मुलीचं भाषण ऐकवायला घेऊन आला होता. बसायला जागा नव्हती म्हणून ती सगळी दारातच एका रांगेत उभी राहिली.

"सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनहो..." पोरीनं सुरुवात केली आणि हॉल शांत झाला. तेल, डॉलर, मागणी, सगळं सुरेख. माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग ते वाक्य आलं. "ज्या घरात खाणारी तोंडं..." म्हणून ती थांबली.

ती दाराकडे बघत होती. मला ते दिसलं. वडील दिसत होते, आई दिसत होती, सगळी दिसत होती. आणि तरी माझ्या डोक्यात काय आलं? पोरगी विसरली! माझा पहिला नंबर गेला! मी खुर्चीच्या कडेवर सरकले आणि नुसते ओठ हलवून भागेना म्हणून ऐकू जाईल असं म्हटलं, "आठ! आठ आणि कमावणारा एक!"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग सगळं वाक्य म्हटलं, स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत. वाळवी म्हणताना टेबलावर हातही आपटला, मी शिकवला होता तसा.

काय टाळ्या पडल्या! दारातली तिची धाकटी बहीणही टाळ्या वाजवायला लागली. वडिलांनी वाकून तिचे दोन्ही हात धरले आणि खाली केले.

पहिला नंबर तिचाच. अध्यक्ष बक्षीस द्यायला उठले आणि माइक हातात आल्यावर ते थोडक्यात आटपणारे नव्हते. "बगा," ते म्हणाले, "लूमवाल्याची पोर हाय, पन तिला समजतंय. तिच्या बापाला न्हाय समजलं!" हॉल हसला. परीक्षक हसले. मुख्याध्यापक हसले. आणि मी हसले. हो, मीसुद्धा. अध्यक्षांचं लक्ष होतं ना माझ्याकडे! आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ज्या माणसानं विणलेल्या कापडावर या देशात डॉलर येत होते त्याला रुपयाची वाळवी ठरवून आम्ही दोनेकशे माणसं हसत होतो. हसवणारा कोण, तर ज्यानं आयुष्यात कधी एक वार कापड विणलं नाही, एक पोतं स्वतः उचललं नाही आणि भाड्यावर बसून खाल्लं! मी मागे वळून बघितलं तेव्हा दार रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अध्यक्षांच्या मदतीच्या अर्जावर वडिलांची सही लागणार होती. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमचीच मुलगी, तुम्हीच जाऊन या." मी अर्ज घेऊन निघाले. रस्ताभर मी मनात म्हणत होते की काही झालेलं नसेल, तापबीप असेल. आपण किती निर्लज्जपणे स्वतःला फसवतो!

एक खोली, वर पत्रा, बाहेर लूमचा खडखडाट, आता निम्म्यानं कमी झालेला. खोलीत भांडी पोत्यात भरलेली होती. वडील पत्र्याच्या पेटीला दोरी बांधत होते. मला बघून उठले, पोराला सांगून पाणी मागवलं, बसायला गोधडी घातली. हेच मला सोसलं नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी घाईघाईनं सुरू झाले. अभिनंदन, मोठी संधी, सगळा खर्च होणार, इथे फक्त सही करा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, आमी वीस वर्षं इदर है. मराठी सगळं समजतं."

मी मुलीकडे वळले. ती कोपऱ्यात पुस्तकं बांधत होती. का कोण जाणे, मी तिलाच म्हटलं, "अगं, तू अडखळलीस तेव्हा मला वाटलं..."

"मी विसरले नव्हते बाई," ती म्हणाली. "मी ते वाक्य गाळणार होते. पण तुम्ही मोठ्यानं सांगितलंत."

तिच्या आवाजात राग नव्हता. झालं ते तिनं नुसतं सांगितलं.

"पोरीवर राग काढू नका हो," मी वडिलांना म्हटलं. "तिची काही चूक नाही. ते वाक्य तिचं नाही, मी लिहिलं होतं."

"मालूम है. पोरगी असं बोलत नाय." दोरीची गाठ त्यांनी ओढून घट्ट केली. मग माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "तुमाला तसं वाटतं? आमच्याबद्दल?"

हो म्हटलं असतं तर निदान मी एका बाजूला उभी राहिले असते. समोरच्या माणसाला कळलं असतं की या बाईशी भांडायचं आहे. नाही म्हणून रडले असते, त्यांच्यासमोर अध्यक्षांचा अर्ज फाडला असता, तरी चाललं असतं. पण मी मास्तरांची नात, कारकुनाची मुलगी. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "छे हो, अजिबात नाही! मला चांगलं माहीत आहे ते खरं नाही म्हणून. पण भाषणात तसं लिहावं लागतं."

त्यांनी अर्ज हातात घेतला, जरा वेळ बघितला, नीट चार घड्या घातल्या आणि मला परत दिला.

"खोटं आहे ते तुमाला मालूम होतं," ते म्हणाले. "तरी पोरीला शिकवलं. मग बाई, पोरीला इदर कशाला ठेवू?"

त्यांनी मुलीला हाक मारली. तिनं पुस्तकं तिथेच ठेवली आणि पेटीचं दुसरं टोक उचललं.